हेडिंग्लीत नव्यानं राहायला येताय? गाडी, परमिट आणि कोपऱ्यावरचा पब

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या हेडिंग्लीचं नाव मराठी घरांत क्रिकेटमुळे पोचलं. १९८६ साली दिलीप वेंगसरकरांनी इथे ६१ आणि नाबाद १०२ धावा काढल्या, २००२ मधल्या सचिनच्या १९३ धावा इथल्याच, आणि १९९२ साली यॉर्कशायरनं परदेशातला पहिला खेळाडू म्हणून घेतला तोही सचिनच. पण मैदानाच्या भिंतीपलीकडे लाल विटांच्या घरांच्या ज्या रांगा आहेत, त्या टीव्हीवर दिसत नाहीत. लीड्स विद्यापीठ आणि लीड्स बेकेट विद्यापीठ, दोन्हीकडचे विद्यार्थी या भागात आणि शेजारच्या हाइड पार्कमध्ये खोल्या घेतात. त्यांत आपली मुलंमुलीही असतात. दर सप्टेंबरात कुणाची तरी आई मला फोन करून विचारते, "ताई, खोली मिळाली, आता गाडी घेऊ द्यावी का त्याला?"

मी इथे अकरा वर्षं राहते. या भागात दोन विषय असे आहेत की ते निघाले की माणसं चहाचा कप खाली ठेवून बोलायला लागतात: गाड्या कुठे लावायच्या, आणि पब का बंद पडताहेत. नव्या माणसाला हे दोन वेगळे विषय वाटतात. माझ्या मते तो एकच आहे. गल्लीत गाडीला जागा उरत नाही, म्हणून म्हातारी माणसं आणि मुलंबाळं असलेली कुटुंबं हळूहळू निघून जातात. त्यांच्या घरात पाच-सहा विद्यार्थी राहायला येतात. बारा महिने पबमध्ये जाणारं गिऱ्हाईक तुटतं. जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थी गावी गेले की पब ओस पडतो. मग मालक तो विकायला काढतो, तिथे विद्यार्थ्यांसाठी फ्लॅट बांधायचा अर्ज येतो, आणि त्या फ्लॅटमधल्या गाड्या पुन्हा त्याच गल्लीत. हे चक्र ओळखून जो इथे राहायला येतो, त्याला वर्षभरात शेजारीही मिळतात आणि दंडही कमी भरावा लागतो. म्हणून पुढचं सगळं क्रमानं सांगते.

१. आधी ठरवा: गाडी खरंच हवी का?

हेडिंग्लीच्या मधल्या चौकापासून लीड्स विद्यापीठ साधारण तीन किलोमीटरवर आहे. चालत गेलात तर पाऊण तासाच्या आत पोचता, आणि वाटेत वुडहाऊस मूरची मोठी बाग लागते. हाइड पार्कमध्ये राहत असाल तर अंतर त्याहून कमी. ए-६६० या मुख्य रस्त्यावर बसगाड्या सारख्या धावतात, आणि हेडिंग्ली व बर्ली पार्क या दोन छोट्या स्टेशनांवरून रेल्वेनं दहा मिनिटांच्या आत शहरात उतरता येतं. सकाळी त्याच ए-६६० वर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. गाडी असली म्हणून तुम्ही वर्गात लवकर पोचणार नाही. उलट तिथे ती लावायची कुठे, हा नवा प्रश्न उभा राहील.

गाडी घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा.

पहिली, भारतातल्या लायसन्सवर इथे बारा महिनेच चालवता येतं, तेही तुम्ही इथले रहिवासी झाल्या दिवसापासून मोजून. त्यानंतर इथलं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्स काढून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तेरावा महिना लागला आणि तुम्ही तसेच चालवत राहिलात, तर लायसन्स नाही म्हणून विमाही नाही असं धरलं जातं. विम्याशिवाय गाडी चालवली की ३०० पाउंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट, शिवाय पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात. एक वर्षाचं एमएस्सी करायला आलेल्या मुलाला हे बारा महिने कधी संपले ते कळतसुद्धा नाही. कोर्स संपवून तो नोकरी शोधत असतो आणि तारीख उलटून गेलेली असते.

दुसरी गोष्ट जुन्या गाडीची. इथून परतणारे सीनियर जाताना व्हॉट्सॲप ग्रुपवर गाडी विकतात, बहुतेक सौदे तसेच होतात. त्यात काही वाईट नाही, पण रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही. २०१४ च्या ऑक्टोबरपासून तसा नियमच आहे. जुन्या मालकानं भरलेला टॅक्स त्याच्याबरोबर संपतो. लॉगबुकाच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाच्या, हिरव्या चिठ्ठीवरचा बारा आकडी नंबर घ्यायचा, तो टाकून आपल्या नावानं टॅक्स भरायचा आणि मगच किल्ली फिरवायची. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर दरवर्षी एमओटी, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी, लागते. आधीच्या तपासण्यांत काय निघालं होतं ते सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट बघता येतं. सीनियर कितीही ओळखीचा असला तरी बघा.

तिसरी, विमा. नव्या चालकाला, त्यातही परदेशी लायसन्सवाल्याला, विम्याचा हप्ता कधीकधी गाडीच्या किमतीला भिडतो. आधी कोटेशन घ्या, गाडी नंतर. आणि रात्री गाडी जिथे उभी राहणार तोच पत्ता खरा द्या. दुसऱ्याचा पत्ता दिलात तर अपघात झाल्यावर कंपनी हात वर करू शकते.

२. करारावर सही करण्याआधी गल्लीत संध्याकाळी एक चक्कर मारा

खोली दुपारी दाखवतात. दुपारी गल्ली मोकळी असते. त्याच गल्लीत रात्री आठला या, म्हणजे खरं चित्र दिसेल.

ही घरं बांधली तेव्हा मोटारी नव्हत्या. हाइड पार्कमध्ये तर पाठीला पाठ लावलेल्या घरांच्या रांगा आहेत, दार उघडलं की पाऊल थेट फुटपाथवर. अंगण नाही, गाडी आत घ्यायला जागा नाही. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधून जेमतेम एक व्हॅन जाते. अशा एका घरात सहा जण राहतात आणि त्यांतल्या तिघांकडे गाड्या असल्या, तर पुढचं गणित तुम्हीच करा. कुटुंबाच्या घराचं असं सामायिक घर करायला लीड्सच्या या भागात २०१२ च्या फेब्रुवारीपासून परवानगी लागते, ती या सगळ्यामुळेच.

रहिवाशांसाठी राखलेल्या गल्ल्यांत कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, परमिट लागतं. घरमालकाला तोंडी विचारून भागवू नका. कौन्सिलच्या संकेतस्थळावर घराचा नेमका पत्ता टाकून तीन गोष्टी पाहा: हा पत्ता परमिटच्या हद्दीत येतो का, एका घराला किती परमिटं मिळतात, आणि या इमारतीला मुळात परमिट मिळतं का. तिसरा प्रश्न फार जण विचारत नाहीत. बऱ्याच नव्या फ्लॅटना बांधकामाची परवानगीच "इथले रहिवासी परमिट मागणार नाहीत" या अटीवर मिळालेली असते. एजंट ते सांगत नाही. परमिटसाठी गाडी त्या पत्त्यावर नोंदलेली असल्याचा पुरावा मागतात, म्हणून लॉगबुकावर पत्ता बदलून घ्यायला उशीर करू नका.

पत्त्याबाबत इथली एक खोड सांगते. ब्रुडनेल रोड, ब्रुडनेल ग्रोव्ह, ब्रुडनेल माउंट, ब्रुडनेल अव्हेन्यू, ब्रुडनेल स्ट्रीट, ब्रुडनेल व्ह्यू हे सगळे वेगवेगळे रस्ते आहेत आणि एकमेकांना खेटून आहेत. नुसतं "ब्रुडनेल" लिहून अर्ज केला तर तो भलत्याच घराचा होतो. पूर्ण नाव आणि पिनकोड, दोन्ही लिहा.

पाहुण्यांसाठी मिळणारी परमिटं मित्रांना विकण्याचा उद्योग काही जण करतात. करू नका. पकडलं गेलं की परमिट जाऊ शकतं, आणि ज्या शेजारीणबाईंच्या मुलीला रविवारी आईला भेटायला यायचं असतं तिला जागा मिळत नाही.

३. फुटपाथची कड वाचायला शिका

दोन पिवळ्या रेषा म्हणजे तिथे थांबून राहायचं नाही, दिवसा नाही, रात्री नाही, रविवारीही नाही. एक पिवळी रेषा असेल तर जवळच्या खांबावर छोटी पाटी असते, तिच्यावर वेळा असतात. ती पाटी शोधा. गाडीपासून तीस-चाळीस पावलांवर, झाडाच्या फांदीआडही असू शकते. शाळेसमोरच्या वाकड्यातिकड्या रेषा आणि रस्ता ओलांडायच्या जागेजवळच्या पांढऱ्या नागमोडी रेषा, यांच्यावर एक मिनिटसुद्धा नाही.

जिथे रेषा नाही तिथे सगळं चालतं, असं नव्या माणसाला वाटतं. तिथेच फसगत होते. फुटपाथ जिथे रस्त्याच्या पातळीला उतरवलेला असतो, तिथे गाडी लावली तर रेषा नसूनही पावती फाटते. ती उतरण कुणाच्या दारात गाडी आत घ्यायला असते, किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, बाबागाडीवाल्या आईला रस्ता ओलांडायला. गल्लीच्या तोंडापासून दहा मीटरच्या आत गाडी लावू नये असं हायवे कोड, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमांचं पुस्तक, सांगतं. रात्री गाडी वाहतुकीच्या दिशेनंच तोंड करून उभी हवी. आपल्याकडे जागा दिसली की उलट्या तोंडानं घुसवायची सवय असते, ती इथे मोडावी लागते.

हे दहा मीटर कशासाठी, ते मी एका सकाळी खिडकीतून पाहिलं. कचऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, कोपऱ्यावर कुणाची तरी छोटी चंदेरी गाडी उभी होती. ड्रायव्हरनं दोनदा मागे-पुढे करून पाहिलं, एक माणूस खाली उतरून आरशाजवळ हाताची वीत धरून उभा राहिला, आणि शेवटी मान हलवून ते निघून गेले. साऱ्या गल्लीचे हिरवे आणि काळे डबे भरलेलेच राहिले. दुपारी वारा सुटला, एक डबा आडवा झाला आणि पिझ्झाची खोकी पार मैदानाच्या बाजूपर्यंत उडत गेली. समोरच्या घरातले ऐंशीच्या घरातले आजोबा काठी टेकत ती गोळा करत होते. कचऱ्याच्या गाडीला जिथून जाता येत नाही, तिथून आगीच्या बंबालाही जाता येत नाही.

सामन्याच्या दिवशी, मग तो क्रिकेटचा असो की लीड्स ऱ्हायनोजच्या रग्बीचा, आसपासच्या गल्ल्यांत वेगळे निर्बंध असू शकतात. महिन्याच्या सुरुवातीला मैदानाचं वेळापत्रक बघून ठेवा. आणि १ जुलैला गाडी शक्यतो हलवूच नका. विद्यार्थ्यांचे भाडेकरार इथे बहुतेक त्या दिवशी बदलतात, गल्लीत गाद्या, फ्रीज आणि भाड्याच्या व्हॅन यांची दाटी असते.

४. काचेवर चिठ्ठी दिसली तर

घाबरून लगेच पैसे भरू नका, आणि फेकूनही देऊ नका. आधी ती कुणी दिली ते वाचा. कौन्सिलची आणि खासगी कंपनीची चिठ्ठी दिसायला सारखीच असते, इंग्रजी आद्याक्षरंही तीच, पीसीएन. कौन्सिलच्या चिठ्ठीत "पेनल्टी" हा शब्द असतो, खासगीच्या चिठ्ठीत "पार्किंग चार्ज".

लंडनबाहेर कौन्सिलचा दंड साधारणपणे गंभीर चुकीला ७० आणि किरकोळ चुकीला ५० पाउंड असतो, चौदा दिवसांत भरला तर निम्मा. चूक आपली असेल तर निम्म्यात मोकळं व्हावं. चूक नसेल तर चौदा दिवसांच्या आत फोटोंसह लिहून कळवा. त्यांनी नाही म्हटलं तर मालकाच्या नावानं औपचारिक नोटीस येते, तिला उत्तर द्यायला अठ्ठावीस दिवस, आणि तरीही पटलं नाही तर ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल नावाचं स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. तिथे अर्ज करायला पैसे पडत नाहीत.

खासगी कंपनीकडे आधी त्यांचं स्वतःचं अपील, मग कंपनी ज्या संघटनेची सभासद असेल त्यानुसार पॉप्ला किंवा आयएएस ही अपील ऐकणारी संस्था. दुसऱ्या एका शहरात मला अशीच १०० पाउंडांची चिठ्ठी घरी आली होती. पैसे मी भरले होते. यंत्रावर नंबर टाकताना शून्याच्या जागी ओ दाबला गेला होता, एवढंच. बँकेच्या खात्याचा उतारा आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो जोडून चार ओळी लिहिल्या, रद्द झाली. त्या दिवसापासून गाडी लावली की मी दोन फोटो काढते: एक पाटीचा, एक गाडीचं चाक कुठे आहे त्याचा. दहा सेकंदांचं काम आहे.

५. पबमध्ये जा, पीत नसलात तरी

आता पबकडे वळते. आपल्यातले कितीतरी जण दारू पीत नाहीत, आणि म्हणून पबचं दार कधी ढकलतच नाहीत. मीही पहिली दोन वर्षं गेले नव्हते. पब म्हणजे आपल्याकडचा परमिट रूम, अशी माझी समजूत होती. तो तसा नाही. तो गावचा पार आहे, त्याला छप्पर आहे इतकंच. कुत्र्यांना घेऊन आलेली माणसं, पेपर वाचणारा एखादा म्हातारा, मंगळवारी सामान्यज्ञानाची स्पर्धा, रविवारी दुपारी कुटुंबं जेवायला.

जाऊन काय करायचं? टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, काउंटरवर जाऊन मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. तिथे रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आलं ते ध्यानात ठेवायचं, आणि कुणी चुकून आपल्याला आधी विचारलं तर "यांचं आधी" म्हणायचं. एवढ्यानं ओळख होते. लाइम सोडा मागा, संत्र्याचं सरबत मागा, नुसतं नळाचं पाणी मागा. इंग्लंडमध्ये मद्यपरवाना असलेल्या जागी गिऱ्हाइकानं मागितलं तर पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं, तसा कायदा आहे. वयाचा पुरावा जवळ ठेवा. अठरा पूर्ण असूनही तुम्ही पंचविशीच्या आतले दिसलात तर बरेच पब ओळखपत्र मागतात, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. मित्रांबरोबर गेलात आणि एकानं सगळ्यांसाठी आणलं, तर पुढची पाळी तुमची. तुम्ही सोडा पीत असलात तरी पाळी चुकवू नका.

सुरुवात ओटली रोडजवळच्या स्कायरॅक आणि ओरिजिनल ओक या समोरासमोरच्या पबांपासून करा. दोन्ही नावं एकाच झाडावरून आली. इथे एक प्राचीन ओक होता, त्याच्याखाली या परगण्याच्या सभा भरत असत. त्या "शायर ओक"चं झालं स्कायरॅक. झाड १९४१ साली पडलं, नाव राहिलं. शनिवारी मात्र तिथे वेगवेगळे वेष केलेल्या मुलांची झुंबड असते. ओटली रन म्हणतात त्याला, ए-६६० वरचे पब एकामागून एक करत शहरापर्यंत जायचं. शांतपणे बसायचं असेल तर मधल्या वारी जा, आणि मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीतला एखादा पब धरा. वाचवायची वेळ येते ती या आतल्या पबांवर.

६. पब का बंद पडतात

ब्रिटनमध्ये २००० साली साठ हजारांवर पब होते. आता ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास आले आहेत. लोक पीत नाहीत, हे कारण सगळे सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. सुपरमार्केटात बाटली स्वस्त मिळते, २००७ च्या जुलैपासून आत सिगारेट ओढता येत नाही, विजेचं बिल वाढलं. लीड्सचीच टेटली ब्रुअरी, १८२२ पासूनची, २०११ साली बंद झाली.

पण दोन कारणं बाहेरून दिसत नाहीत. एक म्हणजे पब चालवणारा बहुतेकदा त्या इमारतीचा मालक नसतो. इमारत मोठ्या कंपनीची असते, आणि करार असा की बिअर त्याच कंपनीकडून, ती लावेल त्या भावानं घ्यायची. भाडंही तिलाच, बिअरचे पैसेही तिलाच. याला टाय म्हणतात. तक्रारी इतक्या झाल्या की २०१६ साली पाचशे किंवा त्याहून जास्त असे पब असलेल्या कंपन्यांसाठी कायद्यानं आचारसंहिता घालून द्यावी लागली. दुसरं कारण जमिनीचं. विद्यापीठाजवळच्या कोपऱ्यावरच्या जागेला बिअर विकून जे मिळतं, त्याच्या कितीतरी पट विद्यार्थ्यांच्या खोल्या काढून मिळतं. पुण्या-मुंबईत इराण्यांची हॉटेलं कोपऱ्यांवरून एकेक करून गेली, ती ज्यांनी पाहिली त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

७. दारावर कागद लागला की तो वाचा

इथे नवखा माणूस खूप काही करू शकतो, आणि ते त्याला कुणी सांगत नाही.

"भाड्यानं देणे" असा फलक दिसला तर घाबरू नका. चालवणारा सोडून गेला आहे, पब नाही. परवान्याचा कागद फिकट निळा असतो, त्यावर अठ्ठावीस दिवसांत म्हणणं मांडता येतं, आणि ते गुन्हे व दंगा, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव आणि मुलांचं रक्षण या चार मुद्द्यांवरच ऐकलं जातं. सगळ्यांत महत्त्वाचा तो विजेच्या खांबाला बांधलेला, बहुधा पिवळा कागद. तो बांधकाम परवानगीचा. त्यावरचा क्रमांक टिपून घ्या, त्याचा फोटो काढा, कारण मुदत साधारण एकवीस दिवसांची असते.

इंग्लंडमध्ये २३ मे २०१७ पासून पबचं दुकान किंवा ऑफिस करायला आणि पब पाडायलाही परवानगी लागते. त्याआधी कितीतरी पब गुपचूप दुकानं झाले. परवानगी न घेता पाडलं तर काय होतं, ते लंडनच्या कार्लटन टॅव्हर्नचं उदाहरण सांगतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये मालकानं तो बुलडोझर लावून पाडला. कौन्सिलनं होता तसाच पुन्हा बांधायला लावला, आणि २०२१ साली तो उघडला.

हरकत नोंदवायला नागरिकत्व लागत नाही, मतदार असावं लागत नाही. नाव आणि पत्ता पुरतो. पण "आम्हाला पब हवा" एवढं लिहून उपयोग नाही. तुम्ही ती जागा कशी वापरता ते लिहा: कोणत्या वारी, किती वाजता, कुणाबरोबर, आणि चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी तशी जागा आहे की नाही. देशाच्या नियोजन धोरणात पबचा उल्लेख सामाजिक सुविधा म्हणून आहे, त्याचा आधार घ्या. घरांच्या किमती घसरतील, मालक लोभी आहे, असले मुद्दे बाजूला ठेवले जातात.

आणि इथेच पार्किंग परत येतं. काही वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या एका पबच्या जागी फ्लॅट करायचा अर्ज आला, तेव्हा पबच्याच मागच्या खोलीत सभा झाली. जुने रहिवासी एका बाजूला, विद्यार्थी दाराशी उभे. एक बाई म्हणाल्या, "पब गेला तर जाऊ दे, पण आणखी वीस गाड्या नकोत." तेवढ्यात आपल्याकडचीच, लातूरची एक मुलगी पुढे आली. तिनं आठवडाभर रोज रात्री नऊला चार गल्ल्यांत फिरून मोकळ्या जागा मोजल्या होत्या, वहीत तक्ता होता. मंगळवारी सात, बुधवारी चार, शुक्रवारी एकही नाही. पबमध्ये येणारी माणसं बहुतेक चालत येतात आणि फ्लॅटमध्ये राहणारी गाडी आणतात, हे तिनं त्याच वहीवरून दाखवलं. मग त्या बाईंनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. दोघींनी मिळून हरकत लिहिली. पुढे अर्ज बदलून आला: खाली पब तसाच, वर खोल्या, आणि वरच्यांना परमिट नाही.

८. पब "यादीत" घालायचा असेल तर

२०११ च्या लोकॅलिझम कायद्यानुसार एखादी जागा समाजाच्या मोलाची म्हणून कौन्सिलच्या यादीत घालता येते. नोंदणीकृत संस्था नसली तरी चालतं, किमान एकवीस जणांचा गट हवा आणि ते त्या भागाच्या मतदारयादीत हवेत.

आता नीट ऐका. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून इथे मतदार होऊ शकतात. विद्यार्थी व्हिसावर असलात तरी, अठरा पूर्ण असतील तर, कौन्सिलपासून संसदेपर्यंत तुम्हाला मत आहे. नोंदणी ऑनलाइन, पाच मिनिटांत होते. त्या एकवीस सह्यांत तुमची सही कुणाही जुन्या रहिवाशाच्या सहीइतकीच मोजली जाते. हे माहीत नसल्यामुळे आपली मुलं सभेत मागे उभी राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

अर्जात इमारतीची हद्द दाखवणारा नकाशा, मालकाचं नाव आणि जागा कशी वापरली जाते याचं वर्णन द्यायचं. कौन्सिलला आठ आठवड्यांत निर्णय द्यावा लागतो. नाव यादीत पाच वर्षं राहतं. त्या काळात मालकाला विकायचं असेल तर आधी कौन्सिलला कळवावं लागतं. सहा आठवड्यांत गटानं "आम्हाला घ्यायचंय" म्हटलं की मालकाला सूचना दिल्यापासून सहा महिने विक्री थांबते. मालकानं गटालाच विकावं असं बंधन मात्र या कायद्यात नाही. तो बदलणारं विधेयक २०२५ च्या जुलैमध्ये संसदेत आलं, तेव्हा अर्ज करताना चालू नियम कौन्सिलकडून विचारून घ्या.

सहा महिन्यांत पैसे उभे राहतात का? राहिले आहेत. लंडनच्या नन्हेड भागातला आयव्ही हाउस हा या यादीतला देशातला पहिला पब, २०१३ साली लोकांनी विकत घेतला. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावानं आपला ओल्ड क्राउन २००३ सालीच सहकारी केला. शेअर विकून पैसे जमवायचे आणि शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. साखर कारखान्याच्या आणि पतसंस्थेच्या सभा पाहत वाढलेल्या आपल्या माणसांना यातले खाचखळगे इथल्यांपेक्षा जास्त ठाऊक असतात. या पद्धतीचा पाया घालणारं रॉचडेल इथून फार लांब नाही, १८४४ साली तिथल्या कामगारांनी दुकान काढलं होतं. आणि खुद्द हेडिंग्लीत बेनेट रोडवरची बंद पडलेली शाळा लोकांनी हाती घेऊन २०११ साली हार्ट हे केंद्र सुरू केलं. तिथे जाऊन कॉफी घ्या, भिंतीवरच्या सूचना वाचा. सभा कधी आहेत ते तिथे कळतं.

९. वर्ष संपून जाताना

गाडी विकलीत की त्याच दिवशी डीव्हीएलए या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला कळवा, उरलेल्या पूर्ण महिन्यांचा टॅक्स परत मिळतो. विमा बंद करा. परमिट परत करा, नाहीतर नव्या भाडेकरूला तुमचं परमिट अडवून बसतं. विकली गेली नाही म्हणून टॅक्स न भरता गाडी गल्लीत सोडून विमानात बसू नका. तशा गाडीला जामर लागतो, आणि तोवर ती एका शेजाऱ्याची जागा खाते.

शेवटी एक कागद घ्या. कचऱ्याचा वार, परमिटचा विभाग, समोरच्या आजोबांच्या दारातली उतरण कुठे सुरू होते, आणि पबमध्ये स्पर्धा कोणत्या वारी असते, एवढं लिहून स्वयंपाकघरात कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. १ जुलैला दुपारी नवी मुलं आत येतील तेव्हा ते दार उघडतीलच.